इक्बाल मास्तरांचा कच्चा टाका

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी इक्बाल मास्तरांचं नाव घेतो. आईसमोरही घेतो, तिला राग येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मास्तर म्हणजे शाळेतले. आमचे मास्तर शिंपी. खामगावात कॉलेजच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागची खोली माझी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वरवट बकालहून पत्र्याची पेटी घेऊन मी आलो, तेव्हा मास्तरांनी माझ्या तोंडाकडे न बघता शर्टाकडे बघितलं आणि म्हणाले, "खांदा उतरला हाय. शर्टाचा म्हणतो मी, तुहा नाही."

कोट असो की साधी पँट, मास्तर आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालायचे. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचे, मगच मशीनवर पक्की शिलाई मारायचे आणि शेवटी तो पांढरा दोरा ओढून काढायचे. रस्त्यावरच्या बाकी शिंप्यांनी ही कटकट केव्हाच सोडली होती. दोनदा चक्कर मारावी लागते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं की मास्तर तोंडातली टाचणी काढून सांगायचे, "भाऊ, कच्चा टाका वढला का निंगते. पक्का उसवला का कपड्याले भोकं राह्यतात. मंग म्या शिवलेले भोकं घालून फिरान का तुमी?"

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी नापास झालो. मास्तरांचा मुलगा नदीम माझ्याच वर्गात होता. आम्ही दोघं मोबाईलवर एक खेळ खेळायचो. हजारो माणसं एकाच वेळी त्यात असतात. किल्ले, जंगलं, राक्षस. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि टोळी करून लढायचं. नदीम योद्धा होता, मी वैद्य. टोळीतल्या जखमींना बरं करायचं माझं काम. गावाकडे वडील पाठीत उसण भरून आठ दिवस पडून होते, तेव्हा मी गेलो नाही, कारण टोळीला वैद्य लागत होता. नदीम हुशार, तो खेळूनही पास झाला. मी तीन विषयांत गेलो.

मास्तर रागावले नाहीत. बटणांचा मोठा डबा काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "मोबाईल बटणात ठेवत जाय. मी हिसकणार नाही. तूच ठेवजो, तूच काढजो. डब्याले कुलूप नाही."

कुलूप नव्हतं म्हणूनच कठीण होतं. रोज सकाळी मी मोबाईल त्या बटणांत पुरायचो आणि संध्याकाळी घरी फोन करण्यापुरता काढायचो. खेळ पुसून टाकला. पुढच्या वर्षी पास झालो, त्याच्या पुढच्या वर्षी पदवीधर झालो. निकालाच्या दिवशी मास्तरांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला उगाचच सांगितलं, "हे आमचे ग्रॅज्युएट हायेत. जरा बाजूले सरका, त्यायले हवा लागू द्या."

नदीमला पुण्यात कंपनीत नोकरी लागली. घरात मास्तर एकटे. चाची, म्हणजे नदीमची आई, आम्ही अकरावीत असतानाच गेल्या होत्या. मी तलाठ्याच्या परीक्षेसाठी त्याच खोलीत राहिलो. एका ईदला नदीम आला होता. दुकानात गर्दी होती. मास्तरांनी त्याला एका शेरवानीला काज-बटण करायला सांगितलं आणि त्याच्याकडून काज तिरपं कापलं गेलं. मास्तर चार गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले, "याले एक काज जमत नाही, कंपनीत काय टिकणार हाय हा?" गिऱ्हाइकं हसली. नदीमने कात्री खाली ठेवली, तीसुद्धा हळूच, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला. पुढे महिन्याभरात त्याचा फोन बंद झाला.

मास्तर रोज दुपारी दोनला, दुकानाची झडप अर्धी ओढून, तो बंद नंबर लावायचे. कान देऊन शेवटपर्यंत ऐकायचे. मग पुन्हा मशीनवर बसायचे. एकदा पायडल मारता मारता म्हणाले, "संतोष, सारी जिंदगी कच्चा टाका घातल्याबिगर पक्की शिलाई नाही मारली. त्या दिवशी मारली."

आता माझी गोष्ट. एका मंगळवारी मी मोबाईल उघडला, तर त्या जुन्या खेळाकडून ईमेल आलेला. 'काजबटन' नावाच्या कोणीतरी मला आपल्या टोळीत बोलावलं होतं. खाली दोन ओळी होत्या: "संत्या, तुही जागा ठेवली हाय बे. टोळीत वैद्य नाही. येतो का?" मला संत्या फक्त नदीम म्हणायचा. नंबर नव्हता, पत्ता नव्हता. उत्तर द्यायचं तर खेळातच जावं लागत होतं.

परीक्षेला सव्वीस दिवस राहिले होते.

मी मोबाईल डब्यात ठेवला. बटणं त्याच्यावर ढकलली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. सांगितलं असतं तर मास्तर म्हणाले असते, जा, बोल त्याच्याशी. आणि मी गेलो असतो तर एका निरोपावर परत आलो नसतो, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत होतं. मास्तर दुपारी दोनला फोन कानाला लावायचे तेव्हा मी पुस्तकात मान घालायचो. पाच हातांवर बटणांचा डबा होता.

सतराव्या दिवशी मास्तर पुण्याला गेले. तिसऱ्या दिवशीच्या सकाळी येतो म्हणाले होते, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी जलंब जंक्शनहून येणाऱ्या गाडीने परत आले. पिशवीत नदीमसाठी नेलेला डबा तसाच भरलेला होता. कंपनीत सांगितलं, दोन महिने झाले त्याला काढून. खोलीवर दुसरीच मुलं होती. मास्तरांनी टोपी काढून मशीनवर ठेवली. "कुठी असन रे तो? जित्ता तं असन ना?"

माझ्या तोंडून निघालं, "मास्तर, त्याचा निरोप आला हाय. आजच आला."

आजच. तो शब्द मी का घातला, कोणी विचारलंही नव्हतं.

मास्तरांनी ईमेल तीनदा वाचायला लावला. नाव कळल्यावर म्हणाले, "काजबटन." नुसतं तेवढंच. मग बराच वेळ हातातल्या टेपची गुंडाळी करत बसले.

"मी जातो खेळात," मी म्हणालो. "एक तास. त्याच्याशी बोलतो अन् निंगतो."

"तू नाही जाणार."

"मास्तर, एक तास..."

"मांगच्या टायमालेबी एकच तास होता. परीक्षा हाय ना आठ दिवसांवर? तुहा पक्का टाका बसून राह्यला, तो मी नाही उसवू देणार. माह्या पोरासाठीबी नाही." त्यांनी आपला मोबाईल पुढे केला. नदीमनेच घेऊन दिलेला. "याच्यात टाक तो खेळ."

मी टाकायला घेतला आणि मास्तरांनी माझा हात धरला. "थांब. तो तिथं लपला हाय. मी तिथं गेलो अन् तो तिथूनबी पळाला, तं मंग मी कुठी पाहू?"

ती एकच जागा होती. बाहेर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. मी सुचवलं, "दुसऱ्या नावानं जा. वळखणार नाही. आधी पाहून घ्या, मंग सांगा."

"पोराच्या दारी तोंड झाकून जाऊ? त्याले एकदा चारचौघांत उघडं पाडलं मी. आता मी झाकून जाऊ?" ते उठले, झडप वर केली, पुन्हा खाली ओढली. शेवटी म्हणाले, "कच्चा टाका घालू. चार दिवस, दुपारी दोन ते तीन. नाही बसला तं वढून घेऊ. नाव लिह्य: इक्बाल टेलर."

त्या खेळात 'वज्रबाहू', 'काळभैरव' अशा नावांचे लोक तलवारी घेऊन फिरत होते, आणि त्यांच्यात आमचे इक्बाल टेलर किल्ल्याच्या दाराशी उभे राहिले. आलेल्या आमंत्रणाला जोडून मी त्यांना टोळीत घेतलं आणि मोबाईल त्यांच्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. हा नियम मला मास्तरांनीच घातला होता: मी बघायचं नाही, ते बोलून दाखवतील. कानावर ते जुनं संगीत आलं आणि माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

"हिरवा ठिपका हाय त्याच्या नावापुढं," मास्तर म्हणाले. आणि लगेच, "गेला."

नाव वाचताच नदीम निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ठिपका नव्हता. टोळीतली पोरं विचारत होती, "अंकल, तलवार कुठंय? इथे का उभे आहात?" मास्तर एका बोटाने लिहायचे आणि लिहिताना मोठ्याने म्हणायचे, "पोराची वाट पाहून राह्यलो." एकाने त्यांना राक्षस मारायला शिकवायचा प्रयत्न केला. मास्तर म्हणाले, "काऊन मारू बाप्पा त्याले? काय बिघडवलं त्यानं माहं?" तेवढ्यात राक्षसानेच काम केलं.

"संतोष, मी मेलो वाटते."

"हाव मास्तर. पण उठता येते परत."

"असं हाय का? बरं हाय मंग इथलं."

तिसऱ्या दिवशी त्यांना तिथे कपडे शिवण्याचं काम सापडलं आणि ते खरोखर चिडले. "ना माप, ना कातर, अन् टुणकन सदरा तयार! हा कोण हरामखोर शिंपी हाय?" मी हसलो. तेही हसले. पण तीन वाजले तेव्हा त्यांनी मोबाईल ठेवून दिला. ठिपका त्या दिवशीही लागला नव्हता. आता एकच दिवस राहिला होता आणि मास्तर बोलल्याप्रमाणे धागा ओढून घेणार, हे मला ठाऊक होतं. मी पाचव्या दिवसाचा विषय काढला तर म्हणाले, "रोज दारात उभं राह्यलो तं त्याले घरात राहणं मुश्किल होईन. चार म्हणजे चार."

चौथ्या दिवशी पावणेतीनपर्यंत काही नाही. माझं पुस्तक उलटं होतं, ते मला नंतर कळलं.

"कोणीतरी बाजूले येऊन उभं राह्यलं," मास्तर म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "काजबटन."

मग मास्तर एकेक अक्षर दाबत गेले. घरात ते हिंदीच बोलायचे. भिंतीकडे तोंड करून मी ऐकलं: "बेटा... वो बात... कच्चे धागे की थी... उधेड दे."

मग मास्तरांनी उत्तर वाचलं, पण पूर्ण वाचता आलं नाही. मोबाईल माझ्याकडे सरकवला आणि टोपीने डोळे पुसले. नियम मोडून मी बघितलं. लिहिलं होतं, "अब्बा, खाना खाया क्या?"

त्या संध्याकाळी नदीमने नव्या नंबरवरून फोन केला. रविवारी तो आला. त्याच रविवारी माझी परीक्षा होती. त्या सकाळी मास्तरांनी आपल्या मोबाईलमधला खेळ माझ्यासमोर पुसला. "वढला, निंगाला," म्हणाले.

मी पास झालो. बीबी गावाजवळच्या एका खेड्यात तलाठी म्हणून नेमणूक झाली. नदीमला पुण्यात दुसरी नोकरी मिळाली आणि त्याने वडिलांना सोबत नेलं. दुकान बंद करण्याच्या आधी मास्तरांनी शेवटचा कपडा माझा शिवला. रुजू होताना घालायचा पांढरा शर्ट. देताना म्हणाले, "खिशाच्या आतून एक कच्चा टाका राह्यला हाय. राहू दे. तुले वाटन तवा काढजो."

मास्तरांच्या हातून कच्चा टाका कधी राहत नसे. एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं. मला आमंत्रण कधी पाठवलं ते नदीमने त्यांना सांगितलं असणार. त्यांना माझे अठरा दिवस माहीत होते आणि ते एक शब्द बोलले नव्हते.

तो शर्ट मी आठ महिने तसाच वापरला. नंतर हे पत्र पाठवलं.

आदरणीय मास्तर,

सलाम. हे पत्र नदीमकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. त्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे.

नदीमचा निरोप मला 'आजच' आला नव्हता. अठरा दिवस आधी आला होता. तुम्ही रोज दुपारी दोनला फोन लावत होतात आणि तो निरोप बटणांच्या डब्यात होता. मला परीक्षेची भीती होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरी भीती माझी मलाच होती. पुण्याच्या त्या खोलीच्या दारात तुम्ही एकटे उभे राहिलात, ते माझ्यामुळे. गावात लोक मला साहेब म्हणतात, तेव्हा दर वेळी खिशाआतला तो दोरा बोटाला लागतो.

मोबाईल अजूनही डब्यात ठेवतो. इथे बटणं नाहीत, ज्वारी आहे. कुलूप लावलेलं नाही.

आज तो दोरा काढला. सोबत पाठवतो आहे. ओढला तसा निघाला. कपड्याला भोकं राहिली की नाही, ते मला नीट दिसत नाही. शर्ट घेऊन पुण्याला यावं म्हणतो. तुम्हीच उजेडात धरून बघा आणि सांगा.

तुमचा,
संतोष