कॅम्पला जाते म्हणाली

आमच्या भागात कॅम्प म्हणजे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन राहिली ती लष्कराच्या जुन्या छावणीत. बराकी गेल्या, नंबर राहिले. कॅम्प एक ते कॅम्प पाच. बदलापूरच्या बाईला कापड घ्यायचं असेल तर ती ‘कॅम्पला जाऊन येते’ म्हणते, आणि तंबू कुणाच्या स्वप्नातही येत नाही. मी फौजेत भरती झालो तेव्हा घरी फोनवर सांगितलं, आम्ही सध्या कॅम्पमध्ये आहोत. आईने विचारलं, “कितव्या नंबरच्या?”

त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सुजाता वहिनींचा फोन आला तेव्हा घोटाळा माझ्या लगेच लक्षात आला.

“जयभीम भावजी. पोरीने मला फसवलं.”

सुजाता वहिनी म्हणजे नाईक मिलिंदच्या पत्नी. मिलिंद आणि मी फौजेत एकाच कंपनीत होतो. तो बदलापूरजवळच्या सोनिवलीचा, मी अंबरनाथ पूर्वचा. त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. उत्तरेकडे, बर्फात गेला. तेव्हा त्याची श्रुती आठ वर्षांची होती. आता ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते आणि कुणाचंही ऐकत नाही. याबाबतीत अगदी बापावर गेली आहे.

श्रुतीने आईला सांगितलं होतं, “पुढच्या शनिवारी मैत्रिणींबरोबर कॅम्पला जाते, रविवारी येईन.” तिची एक सिंधी मैत्रीण कॅम्प चारला राहते. वहिनींना वाटलं, पोरगी तिच्याकडे झोपायला चालली आहे. म्हणाल्या, जा, येताना दोन चादरी आण, तिकडे स्वस्त मिळतात. गुरुवारी कुरिअरने घरी तंबू आला.

“खोटं नाही बोलले, काका,” फोन हिसकावून घेत श्रुती म्हणाली. “कॅम्पच म्हणाले ना मी? आईने नंबर विचारला नाही, त्याला मी क्या करूं?”

मला हसू आलं, पण गिळलं. चौघी मुली बारवी धरणाच्या पलीकडे जाणार होत्या. डोंगराच्या माथ्यावर वनखात्याची मोकळी जागा आहे. तंबूसाठी ओटे आहेत, एक हापसा आहे, बाकी जंगल. खाली पाडा. कुणीही परवानगी काढून एक रात्र राहू शकतं.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला. “तिथे नेटवर्क आहे?”

“नाही,” श्रुती म्हणाली.

“मग विषय संपला.”

मी वहिनींना सांगितलं, “या रविवारी मी जाऊन रेकी करतो, जागा बघून येतो. जागा ठीक नसेल तर मीच नाही म्हणेन.” त्यावर त्यांनी फोनच ठेवला. असा फोन ठेवला म्हणजे नकार कायम, हे मला माहीत आहे.

मुलींचा प्लॅन मी पाहिला. तंबू, स्पीकर, पनीर टिक्का. पनीर कधी मुरवायचं हे पक्कं ठरलं होतं. पाणी, औषधं, कुणाचा पाय मुरगळला तर काय, यावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं: “चिल, काका.” सिव्हिलियन माणूस प्लॅन करतो म्हणजे काय न्यायचं ते ठरवतो. फौजेत आधी विचारतात, नेलेलं बिघडलं तर काय करशील? श्रुतीला हे सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. तरी रविवारी सकाळी स्कूटर घेऊन दारात हजर झाली.

जागा चांगली होती. सपाट, वारा अडवणारी झाडं, उतरायला मळलेली वाट. हापसा मात्र हलवून हलवून दमलो तरी ओंजळभरच पाणी आलं. खाली पाड्यात जनाबाई म्हणून एक म्हातारी अंगणात भात वाळवत होती. तिला विचारलं.

“आता आटलाय तो हापसा. पानी आमचे इथून भरून न्या.”

“फोन लागतो का कुठे?”

“फोन नाय लागं. पर वरून हाक मारा ना, खाली आयकू येते. आमची पोरं गुरं घेऊन वर जातात, ती तशीच बोलतात.”

ऐकीव माहितीवर मी माणसं पाठवत नाही. श्रुतीला माथ्यावर पाठवलं आणि स्वतः अंगणात उभा राहिलो. थोड्या वेळाने वरून “काकाऽऽ” अशी हाक आली. स्वच्छ ऐकू आली. कोंबड्यासुद्धा दचकल्या. मी तोंडाशी हात धरून उत्तर दिलं, तेही तिला मिळालं. कम्युनिकेशन चेक पूर्ण. मी खूश होतो. वहिनींना सांगायला आता काहीतरी ठोस हाती होतं.

श्रुती खाली आली ती मात्र मान हलवतच.

“हे आईला सांगून उपयोग नाही, काका. तिची भीती माझ्याबद्दलची नाहीच. तिला वाटतं, बाबांनी शेवटी हाक मारली आणि ती कुणाला ऐकूच गेली नाही. संपर्क तुटला होता ना? ती नेटवर्क नेटवर्क करते ते त्याच्यामुळे.”

मी जनाबाईच्या ओट्यावर बसलो. ‘खराब हवामानात संपर्क तुटला’ हे वाक्य पलटणीकडून घरी कळवलेलं. मीही तेच सांगितलं होतं, कारण ते खरं होतं. त्या एका वाक्यातून वहिनींनी इतकी वर्षं काय ऐकलं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. श्रुतीला म्हणालो, “घरी चल.”

संध्याकाळी सोनिवलीच्या घरात वहिनींना आधी जनाबाईची आणि हाकेची गोष्ट सांगितली; मग, त्यांच्यासमोर बसून, मिलिंदचं पहिल्यांदा सगळं सांगितलं.

आमच्या चौकीवरून पुढच्या चौकीपर्यंत रोज लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायचं. त्या दिवशी मिलिंद पेट्रोल कमांडर, सोबत दोन जवान. मी हवालदार, वायरलेस सेटवर. दुपारी वारा सुटला. साहेबांनी पेट्रोल परत बोलवायला सांगितलं. सेटवर आमची चौकी डेल्टा, मिलिंदचं पेट्रोल डेल्टा टू.

“डेल्टा टू, डेल्टा. वापस आओ. ओव्हर.”

“डेल्टा, डेल्टा टू. एक जवान नीचे फिसल गया है. दिख रहा है. वेट. ओव्हर.”

मग नुसती खरखर. पुन्हा त्याचा आवाज आला तो मराठीत. सेटवर मराठी बोलायला मनाई होती. आम्ही दोघं एरवी तासन्‌तास मराठीत भांडायचो, पण सेटवर कधीच नाही. तो म्हणाला, “येतो रे.”

मी साहेबांना सांगितलं, वापस आ रहे हैं. लंगरमध्ये चहा चढला. दोन जवान दोर घेऊन वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. कुणी आलं नाही. बऱ्याच वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अभद्र. ‘येतो’ म्हणतो. मिलिंद परत येत नव्हता. तो निघाला होता, खाली, त्या जवानाकडे. चौकीवर मराठी समजणारा मी एकटा, आणि मीच उलटा अर्थ लावला. आधी कळलं असतं तरी त्या वाऱ्यात कुणी उतरू शकलं नसतं. मिलिंदने त्या जवानाला दोर बांधला. वर थांबलेल्या दुसऱ्या जवानाने त्याला ओढून घेतलं. मग वरचा बर्फ सुटला. पेट्रोलमधले दोघे जवान वाचले. मिलिंद तिसऱ्या दिवशी सापडला.

“हा शब्द तुम्हाला सांगितला नाही,” मी म्हणालो. “येतो म्हणाला हे ऐकून तुम्ही वाट बघत राहाल, असं वाटायचं.”

वहिनींनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

“घरातून निघताना पण तेवढंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “येतो. बाकी काही नाही. बॅग उचलायची आणि येतो.”

“हो.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“कधी?”

“ते येतो म्हणाले तेव्हा.”

सेटवरची उत्तरं ठरलेली असतात. रॉजर म्हणजे ऐकलं. आऊट म्हणजे बोलणं संपलं. मी यातलं काहीच म्हणालो नव्हतो. आपल्या घरात जे म्हणतात तेच तोंडातून गेलं होतं.

“ये, म्हणालो.”

“ऐकलं त्यांनी?”

“सेटचं बटण दोनदा दाबलं त्याने. खट खट. ऐकलं, पण बोलायला सवड नाही, असं असलं की आम्ही तसं करायचो.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. रडल्या. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. श्रुती दाराला टेकून उभी होती, ती आत येऊन आईशेजारी जमिनीवर बसली. कुणी कुणाची समजूत काढली नाही.

मग वहिनींनी डोळे पुसले.

“जा तू शनिवारी,” त्या श्रुतीला म्हणाल्या. “मी खाली पाड्यात त्या जनाबाईकडे राहते. हाक मारलीस तर ओ द्यायला आपलं माणूस पाहिजे.”