बच्चा टीम आणि बाहेरचे पाहुणे

गोंदियातल्या आमच्या फुटबॉल क्लबाला बाहेरच्या खेळाडूंचं भारी वेड. दिवाळीनंतरची ढालीची स्पर्धा जवळ आली की कमिटीच्या अंगात यायचं. नागपूरहून कोण येतंय, जबलपूरहून कोण येतंय, दुसरा विषय नाही. स्टेशनावर हार घेऊन जायचं, धर्मशाळेत गाद्या घालायच्या, दोन्ही वेळा पुरी आणि मटण. घरच्या जावयाचे एवढे लाड कोणी केले नसतील. पाहुणे दोन-चार सामने खेळणार आणि गाडीत बसून निघून जाणार. ढाल मिळो न मिळो, त्यांना काय!

मी शाळेत कवायत शिकवायचो, म्हणून क्लबाची बच्चा टीम माझ्या गळ्यात घातलेली. पावसाळा सरून मैदान वाळलं की रोज सकाळी पोरांना घेऊन मी तिथं. चेंडूची शिवण उसवली की मीच शिवायची, ब्लॅडरला ठिगळ मीच लावायचं. पास दिल्यावर खांबासारखं उभं राहू नका, मोकळ्या जागेत पळा, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. पोरं हळूहळू तयार व्हायची. आणि तयार झाली की काम काय, तर पाहुण्यांच्या बुटांना तेल चोळा. अरे, मग शिकवायला लावता कशाला? डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

अध्यक्षांची राईस मिल होती. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं एकच पालुपद. "मास्टर, लोकल लड़कों का भरोसा नहीं. मंडई आई कि भागे!"

त्यात खोटं काही नव्हतं, हाच तर वैताग. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते. आपल्या गावच्या मंडईला लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे घरी येतात, रात्रभर दंडारीची नाचगाणी, सोंगं चालतात. त्या दिवशी पोरगा घरी नसेल तर बापाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. "स्पर्धा थोडी पुढं ढकला," म्हणून मी दरवर्षी ओरडायचो. ऐकतो कोण? मंडईच्या दिवसांतच स्पर्धा ठेवायची आणि पोरं गेली की त्यांनाच नावं ठेवायची!

त्या पोरांत बोदलकसाकडच्या एका पोवार शेतकऱ्याचा मुलगा होता. शिकायला म्हणून गोंदियात आत्याकडे राहायचा. भाताच्या रोवणीच्या चिखलात वाढलेल्या पोटऱ्या. धक्का द्यायला जाणाराच आडवा व्हायचा. डाव्या पायाची किक तर अशी, की मी शिकवता शिकवता बघत राहायचो. एके दिवशी त्याचा बाप शाळेत येऊन उभा राहिला.

"गुरुजी, हा इकडं चेंडू मारून राहिला, अन् तिकडं नांगराले माणूस नाही. मोठ्या टीममधी यंदा खेळला तं ठेवतो. नाही तं घरी नेतो."

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "मंडई में नहीं भागा तो खिलाएँगे."

उपांत्य सामना नेमका त्याच्या गावच्या मंडईच्या दिवशी आला. लग्नानंतर पहिल्यांदाच मंडईला आलेली बहीण घरी वाट पाहत होती. पोरगा गेला नाही. क्लबाची जर्सी घालून तो सकाळपासून मैदानावर येऊन बसला. सामना सुरू व्हायला थोडाच वेळ होता, आणि जबलपूरची अरुंद रुळांवरची छोटी गाडी, जी नेहमी उशिरा यायची, ती उशिरा का होईना आली. तिच्यातून उतरलेला एक पाहुणा स्टेशनावरून थेट मैदानावर हजर झाला.

"इतनी दूर से आया है," अध्यक्ष म्हणाले, "उसको बिठाएँ कैसे?"

जास्तीची जर्सी नव्हती. पोरानं अंगातली काढून दिली. मीच काय ती बोंब मारली, तर सेक्रेटरी मला म्हणतो, "मास्तर, पाहुण्यासमोर शोभतं का हे?" सामना आम्ही हरलो. मला काडीचं वाईट वाटलं नाही, हे खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी बाप आला. "मंडई सोडली, बहिणीले भेटला नाही, अन् काठावर बसून आला? काऊन रे?" मी काय सांगणार, कपाळ! बाप त्याला घेऊन गेला. पुढे कळलं, घरी त्याचं मन लागेना म्हणून मामानं त्याला नागपूरला कापडाच्या गिरणीत लावलं, आणि गिरणीच्या टीमनं उचलला.

दोन वर्षांनी सेक्रेटरी नाचतच माझ्याकडे आले. नागपूरहून असा फॉरवर्ड येतोय म्हणे, की बघत राहाल. हार माझ्या हातात देऊन मला स्टेशनावर नेलं. गाडीतून उतरला तो हाच! मिशी फुटलेली, पायात कोरे बूट. त्यानं प्लॅटफॉर्मवरच माझे पाय धरले.

"अहो मास्तर, पाहुण्याला वाकायला लावता काय!" सेक्रेटरी ओरडले.

"अहो, हा आपलाच पोरगा! तुम्हीच याची जर्सी काढून घेतली होती!"

"काहीतरीच तुमचं," म्हणाले. ज्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही, त्याला ओळखणार कसे?

त्या दिवशी त्यानं दोन गोल केले. मैदान नुसतं उसळलं. अध्यक्षांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि माझ्याकडे वळले. "देखा मास्टर? ऐसा एक लड़का बनाके दिखाओ!"

तो म्हणाला, "शेठजी, यायनंच शिकवलं मले. इथंच."

अध्यक्ष खूश. "वाह! बाहर के लड़कों के संस्कार देखो!"

मला हसू येईना आणि रडूही येईना. गर्दी पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. हार त्यानं काढून हातात धरला होता.

"गुरुजी, माह्या जागी आज कोन खेळणार होता?"

मी बोट दाखवलं. बच्चा टीममधला तो पोरगा रेषेजवळ उघडाच उभा होता आणि याच्याकडे बघून अजून टाळ्या वाजवत होता.