टाळू आणि तांब्या

“डिहायड्रेशन,” डॉक्टर म्हणाले. “अंगातलं पाणी संपत आलंय.”

जत तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात त्यांनी आमच्या सहा महिन्यांच्या संगीताची कुंची काढली आणि डोक्यावर बोट ठेवले. बोट एरंडेलात भिजवलेल्या कापसावर टेकले. कापूस उचलल्यावर खाली खळगा दिसला.

तो खळगा घरच्यांनी आदल्या दिवशीच पाहिला होता. ‘टाळू बसली’ असे म्हणून सासूबाईंनी ती तेलाने भरली होती. पाणी पाजले तर जुलाब वाढतात, या समजुतीने पाणी बंद होते. अंगावरचे दूधही तोडले होते.

“खळगा हा आजार नाही, खूण आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही खूण बुजवली. विहीर कोरडीच राहिली.”

ही सत्तरच्या दशकातली, दुष्काळानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट आहे. गावची विहीर आटली होती. टँकर येऊन त्याच विहिरीत पाणी ओतायचा आणि लोक ते शेंदून प्यायचे. गावात जुलाब-उलट्यांची साथ होती. मी सांगलीच्या एका दैनिकात काम करत होतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या पत्नीला, सुशीलाला, आणि मुलीला घरी न्यायला गेलो होतो.

ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे आणि म्हातारे माणूसही आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

टाळूला डॉक्टर ‘फाँटानेल’ म्हणतात. जन्मतः कवटीची हाडे जुळलेली नसतात. मधली मऊ जागा साधारण दीड वर्षात बुजते. तोवर ती आतली हकिगत बाहेर दाखवते. अंगातले पाणी कमी झाले की खाली जाते. संगीता रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते. लंगोट सकाळपासून कोरडा होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती.

सलाईन लावायचे ठरले. हाताची शीर मिळेना, पायाचीही मिळेना. सिस्टरनी वस्तरा उकळायला टाकला. तान्ह्या मुलाच्या डोक्यातली शीर सापडते, पण तेवढ्या भागातले केस काढावे लागतात.

सासूबाईंनी मुलीच्या डोक्यावर पंजा धरला.

“आवं डाक्टर, जावळ न्हाई काढलं अजून! बिरोबाचा नवस हाय.”

पहिले केस देवासमोर, मामाच्या मांडीवर काढायचे आणि त्याआधी डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हा त्या घरचा रिवाज होता. नवस मोडला तर पोर हातची जाईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. मी “काढा” म्हणालो. जावयाच्या शब्दाने त्यांचा हात हलला नाही.

सासरे आबा भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून ते फारसे बोलले नव्हते. सगळे आयुष्य मेंढरांमागे गेलेला माणूस, मुळातच कमी बोलणारा.

“मामा हाय न्हवं हितं?” त्यांनी विचारले.

“हाय की,” माझा मेहुणा दत्तू म्हणाला.

“मग घे की रं मांडीवर. द्येव काय फकस्त देवळातच बसलाय व्हय?”

“आन् नवस?” सासूबाई म्हणाल्या.

“उरल्यालं क्यास न्हिऊ त्याला. बिरोबा काय मोजाय बसणार हाय?”

सासूबाईंचा हात निघाला. दत्तूच्या मांडीवर, आरोग्य केंद्राच्या बाकावर, कानाच्या वरचे जावळ निघाले. सिस्टरनी ते केस गॉजच्या तुकड्यात बांधून सासूबाईंच्या हाती दिले. मग शीर सापडली.

पुढच्या उपचारांसाठी मुलीला सांगलीला हलवायचे होते. केंद्राची जीप निघाली. मुलीला आईच्याच मांडीवर ठेवायचे, असे सिस्टरनी सांगितले. या वयात आईपासून तोडलेले मूल रडून उरलीसुरली ताकद घालवते. सलाईनची बाटली त्यांनी स्वतः हातात उंच धरली. आबा कुणाचे न ऐकता मागे येऊन बसले.

वाटेत आबांनी विचारले, “मेंढरं कुणी सोडली?” मी सांगितले. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारले. मग त्यांनी सुशीलाला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. सुशीला दचकली. नातीच्या काळजीने असेल, असे मला वाटले.

सिस्टरनी बाटली माझ्या हातात दिली.

“आबा, जीभ दाखवा.”

“म्या काय पोर हाय व्हय?”

“पोर असता तर टाळू बघितली असती. तुमची कवाच बुजली. दाखवा.”

जीभ शेणीसारखी कोरडी होती.

“लघवीला कवा गेला हुता?”

आबांनी तोंड फिरवले. “लेकीम्होरं काय इचारती ही बाई!”

सुशीलाने तोंडावर पदर घेतला. हसली की रडली, ते कळले नाही. पण सिस्टर हटल्या नाहीत. आबांना कालपासून जुलाब होत होते. ते रानात जाऊन येत होते आणि घरात कुणाला बोलले नव्हते.

“पोरीचं बघायचं का माझं?” ते म्हणाले, आणि एका अंगाला कलले.

नाडी हाताला जेमतेम लागत होती. याला ‘शॉक’ म्हणतात. अंगात पाणी कमी पडले की रक्ताचा दाब उतरतो, मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही. माणूस आधी गोंधळतो, मग शुद्ध हरपते. सिस्टरनी त्यांना आडवे केले, पाय माझ्या पिशवीवर उंच ठेवले. मी सोबत घेतलेला पाण्याचा तांब्या पुढे केला. “आता तोंडात पाणी नको, श्वासात जाईल,” त्या म्हणाल्या. ड्रायव्हरला त्यांनी थांबू दिले नाही.

सांगलीला मुलीला मुलांच्या वॉर्डात घेतले, आबांना पुरुषांच्या. मधल्या व्हरांड्यात मी उभा राहिलो. दोन्ही दारे दिसतील अशी ती एकच जागा होती.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावले. आजार एकच, पण वय वेगळे म्हणून खुणा वेगळ्या. म्हाताऱ्याची कातडी तशीही सैल असते, चिमटीत धरून काही कळत नाही. त्याची जीभ बघायची, बोलणे ऐकायचे. उतारवयात तहान मंदावते, अंग कोरडे पडले तरी माणूस पाणी मागत नाही. सलाईनही मुलीला भरभर, आबांना सावकाश दिले. जुन्या हृदयाला एकदम भार सोसत नाही.

“बाळाला सांगता येत नाही,” ते म्हणाले, “आणि म्हातारा सांगत नाही. दोघांचंही आपणच बघायचं.”

आधी बातमी मुलांच्या वॉर्डातून आली. सुशीला ओला लंगोट हातात धरून व्हरांड्यात आली. तो मला दाखवला. आबांना शुद्ध यायला जास्त वेळ लागला. डोळे उघडल्यावर त्यांनी नातीचे विचारले, मग मेंढरांचे.

पावसाळ्यानंतर बिरोबाला गेलो. दत्तूच्या मांडीवर उरलेले जावळ काढले. सासूबाईंनी गॉजमधले केसही त्यात ठेवले. सिस्टरना त्यांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिले होते, आणि साडी-चोळीची ओटी भरली. वस्तरा उकळणारा तो हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. आम्हा सगळ्यांचे आभार त्यात आले.

आबा पारावर बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या होता.

“आबा, तहान लागली का?” सिस्टरनी विचारले.

“तहान आता सांगाय येत न्हाई मला,” आबा म्हणाले. “तांब्या भरल्याला दिसला की पितो.” त्यांनी तो उचलला, रिकामा केला आणि भरून आणायला माझ्याकडे दिला.