किल्ल्यांचं बाहेरून दर्शन

सात दिवसांत नऊ किल्ले आणि सहा मध्ययुगीन गावं. युरोपच्या सहलीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. लग्नसराईत एका संध्याकाळी तीन हॉलवर हजेरी लावावी लागते ना, स्टेजवर चढा, पाकीट द्या, फोटोत उभे राहा आणि पुढच्या हॉलकडे पळा, त्यातलाच हा प्रकार. फक्त लग्नात नवरा-नवरी निदान ओळखीची असतात.

पुस्तिका आणली होती समोर राहणाऱ्या गुजराती शेजारणीने. ती आणि तिचा नवरा आदल्या वर्षी याच कंपनीबरोबर जाऊन आले होते. आल्यावर त्यांनी आम्हाला घरी बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. दोन तास. प्रत्येक फोटोत ती, तिचा नवरा आणि दोघांच्या कानांमधल्या फटीतून डोकावणारा एखादा बुरूज. हा कुठला किल्ला, असं मी विचारलं की ती नवऱ्याकडे बघायची आणि नवरा मोबाइलकडे.

"नाव काय लक्षात नाय राहत, ताई," ती म्हणाली. "पण खायची जरा पण तकलीफ नाय. थेपला, खिचडी, सगळं आपलं."

म्हणजे इतक्या लांब जाऊन खिचडीच खाल्ली. मी तोंडावर काही बोलले नाही, पण घरी आल्यावर यथेच्छ बोलले. ऐकायला आमचे सर होतेच.

सर म्हणजे माझे पती. तलासरीकडच्या एका शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत इतिहास शिकवला. तिकडे काय नि इथे बाजारात काय, सगळे त्यांना सर म्हणतात, आणि वैतागले की मीही म्हणते. डहाणू रोडहून रोज एसटीने तलासरीला जायचं आणि घरी वारली किंवा धोडिया बोलणाऱ्या मुलांना युरोपातली सरंजामशाही मराठीतून समजावायची, हे त्यांचं काम. ते फळ्यावर रंगीत खडूने किल्ला काढत. चार बुरूज, उचलता पूल, भोवती खंदक. खंदक निळा झाला की मुलं हमखास विचारायची, यात मासे असतात का? सर म्हणायचे, असतील. दरवर्षी हाच प्रश्न आणि दरवर्षी हेच उत्तर. आपण शिकवतो तो किल्ला एकदा स्वतः बघायचा, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं.

ते राहून गेलं, आणि मग डोळ्यांचं दुखणं निघालं. काचबिंदू. लोकांना हा शब्द कळत नाही. "मोतीबिंदू ना? मग काढून टाका की," असं मला वाणगावपासून चारोटीपर्यंत भेटेल त्याने सांगितलं आहे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदू कडांकडून नजर खात आत येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. वलसाडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, पण किती टिकेल त्याची हमी नाही. त्यामुळे त्या पुस्तिकेत आमच्या दृष्टीने प्रश्न एकच होता. सरांची नजर आहे तोवर त्यांना एक किल्ला दिसणार की नाही.

ते म्हणाले, "तू वाच आणि तूच ठरव."

ते डोळ्यांत थेंब घालून आडवे पडायचे आणि मी वाचून दाखवायचे. माझं वाचन सरळ नव्हतं, हे कबूल. "चित्तथरारक", "अविस्मरणीय", "राजेशाही अनुभूती", असे शब्द आले की माझा आवाज आपोआप नाटकी होई. "मध्ययुगीन गाव जसंच्या तसं जपलेलं, रस्तेही दगडी." आमच्याकडे रस्ता जसाच्या तसा राहिला की आपण अर्ज करतो, आणि तिथे बघायला पैसे भरून जायचं. सर डोळे मिटून हसत होते.

मग मी तिसऱ्या दिवसाशी थबकले. किल्ल्याच्या नावापुढे कंसात लिहिलं होतं, बाहेरून दर्शन. चौथ्या दिवशी दोन किल्ले, दोन्ही बाहेरून. नवांपैकी आत नेणार होते फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे बस थांबणार, माणसं उतरणार, फोटो काढणार, पुन्हा बसमध्ये.

"हे तर मुखदर्शन झालं," मी म्हटलं. "रांगेत उभं राहायचं नसलं की आपण लांबूनच हात जोडतो ना देवाला, तसं. देवाचं ठीक आहे, तो सगळीकडे असतो. किल्ला काय सगळीकडे असतो?"

सर या वेळी हसले नाहीत. "पुढे वाच," एवढंच म्हणाले.

मला खरा राग आला तो इथे. ज्या माणसाने जन्मभर खडूचा किल्ला काढला, त्याला हे लोक वीस मिनिटं देणार आणि शिट्टी मारून बसमध्ये भरणार. याला सहल म्हणत नाहीत, मेंढरं हाकणं म्हणतात.

तरीही चारोटीला कंपनीची माहितीसभा होती, तिला आम्ही गेलो. हायवेवरच्या एका हॉटेलातला वरचा हॉल, आत एसी, बाहेर ट्रकचे हॉर्न. टाय लावलेला एक तरुण माइकवर बोलत होता आणि पडद्यावर किल्ले सरकत होते. इतके भराभर, की मला वाटलं हीच ती सहल, आता समोसा देऊन घरी सोडणार. लोक चिकूच्या वाड्यांचे मालक, ठेकेदार, एकदोन निवृत्त अधिकारी. प्रश्नही तसेच. स्वेटर किती घ्यायचे, बाथरूमला पाणी असतं का, जैन जेवण वेगळं मिळेल का. किल्ल्याबद्दल कुणालाही काहीही विचारायचं नव्हतं. एकाने तर विचारलं, यातले दोनतीन किल्ले गाळून शॉपिंगला जास्त वेळ देता येईल का? तो मुलगा म्हणाला, ग्रुपची इच्छा असेल तर नक्की.

मग सर उठले. "उचलता पूल अजून उचलतात का? म्हणजे साखळ्या वगैरे चालू आहेत का?"

मुलगा क्षणभर गडबडला, मग त्याने हसू आणलं. "काका, पुलावर मस्त सेल्फी पॉइंट आहे."

सर "बरं" म्हणाले आणि बसले. बसताना त्यांनी खुर्चीची कड हाताने चाचपली. मी समोसा तसाच ठेवून उठले. परतीच्या रिक्षात मी त्या मुलाचा, त्याच्या टायचा आणि त्याच्या कंपनीचा पार उद्धार केला. रिक्षावाला आरशातून बघत होता, पण मी थांबले नाही.

घरी आल्यावर मी निकाल देऊन टाकला. "किल्लाच बघायचा ना? डहाणूला खाडीवर आपला आहे. रविवारी जाऊ. पासपोर्ट लागत नाही, टायवाला लागत नाही, आणि कितीही वेळ बघा, कुणी शिट्टी मारणार नाही."

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. पण ते लगेच तयार झाले.

डहाणूच्या किल्ल्याला डहाणूचं कुणी बघायला जात नाही. येता-जाता तो दिसतो एवढंच, जशी शेजाऱ्याची भिंत दिसते. आम्ही सकाळी ऊन चढायच्या आधी पोचलो. सर थेट तटाशी जाऊन उभे राहिले. मी मागे थांबले, मनात म्हटलं, बघू देत पोटभर.

ते मान हळूहळू फिरवू लागले. डावीकडून उजवीकडे, मग थोडी वर, पुन्हा उजवीकडून डावीकडे. दुकानावरची लांबलचक पाटी अक्षर लावत वाचावी तसं. बराच वेळ हे चाललं. मग त्यांनी विचारलं, "किती उंच आहे गं?"

"समोर तर आहे."

"समोर दगड आहे," ते म्हणाले. "चांगला आहे दगड. वरचं काही जमत नाहीये."

घरात ते सराईतपणे वावरतात. चहाचा कप कुठे, चष्मा कुठे, सगळं ठरलेलं. त्यामुळे त्यांची नजर किती आक्रसली आहे, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. त्यांच्याकडे आता उरली होती एक गोल खिडकी, आणि जवळ उभं राहिलं की त्या खिडकीत फक्त एक दगड मावत होता.

मी त्यांचा हात धरून परत फिरणार होते. तेवढ्यात ते मागे सरकू लागले. तोंड तटाकडेच, पाय उलटे. एक पाऊल, मग दुसरं, मग भराभर. मी "अहो, अहो" म्हणत मागे धावले. किल्ल्यासमोरचा रस्ता त्यांनी तसाच उलटा ओलांडला. एका स्कूटरवाल्याने वळसा घेत शिवी घातली. पलीकडे एका बाईने जमिनीवर जाळं अंथरून त्यावर मासळी वाळत घातली होती. ती ओरडली, "ओ सर, मागं बघा जरा, म्हावऱ्यावर पाय देताय."

सर थांबले. जाळ्याच्या कडेशी अगदी टाच टेकवून. आणि हसले.

"आला," ते म्हणाले. "अख्खा आला. बुरूज, तट, वरचं झाड, सगळं एकदम आत आलं."

ती बाई माझ्याकडे बघत होती, हे काय चाललंय अशा नजरेने. मी तिच्याकडून सुकट घेतली, गरज नसताना.

परतताना डोक्यात एकच विचार फिरत होता. आत नेणारी सहल त्यांच्या काय कामाची? अंधारे जिने, एकामागून एक खोल्या, प्रत्येक खोलीचा एक कोपरा, त्या कोपऱ्यातला खुर्चीचा एक पाय. त्यांना किल्ला दिसणार तो लांबूनच. म्हणजे ज्या दोन शब्दांवर मी इतके दिवस तोंडसुख घेत होते, ते बाहेरून दर्शन हीच त्या अख्ख्या पुस्तिकेतली एकुलती एक कामाची गोष्ट होती. कंपनीबद्दलचं माझं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. ते लोक हे कुणाच्या डोळ्यांचा विचार करून करत नव्हते. आत न्यायचं म्हणजे तिकीट पडतं, एवढंच त्याचं कारण.

दुसऱ्या दिवशी मी त्या टायवाल्याला फोन केला. तिसऱ्या दिवसाच्या किल्ल्याचं विचारलं, कारण त्याला उचलता पूल आहे असं सर म्हणत होते.

"काकू, बाहेरून दर्शन लिहिलंय म्हणून नाराज होऊ नका," तो लगेच म्हणाला. "तुम्हाला मी अगदी गेटपर्यंत नेतो."

"गेटपर्यंत नेऊ नका. बस कुठे थांबते?"

"बस खाली नदीकाठी पार्किंगमध्ये. किल्ला समोर टेकडीवर. पण तिथून लांब पडतं ना, म्हणून आम्ही छोट्या गाड्या..."

"तिथून अख्खा दिसतो का?"

"दिसतो, पण लांबून, काकू. फोटोत पण बारीक येतो."

"आम्ही पार्किंगमध्येच थांबणार. चालेल ना?"

मग त्याने जपून विचारलं, "मग तुमचं कॅन्सल धरू का?" मी म्हटलं, विचारून सांगते, आणि फोन ठेवला.

सर दारात उभे राहून स्पीकरवरचं सगळं ऐकत होते. मी म्हटलं, "जागा बरी दिसतेय. पण माणसं तीच, खिचडीवाली. वीस मिनिटांत शिट्टी मारणार. त्यापेक्षा पुढच्या वर्षी एखादी शहाणी कंपनी शोधू, निवांत उभं राहू देणारी. घाई काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसला. पुसून काही फरक पडत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"पुढच्या वर्षी मला आणखी मागे सरकावं लागेल," ते म्हणाले. "आणि मागे नदी आहे."

मी परत फोन लावला आणि दोघांची नावं दिली.