गार्डाचे घर

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर चौथ्या वर्षी, संक्रांतीच्या पुढच्या रविवारी, संध्याकाळी गार्डकाकांनी शिट्टी वाजवली, हिरवे फडके दाखवले आणि ते गाडीत चढले नाहीत. काकूही चढल्या नाहीत. कुर्डुवाडी आणि बार्शीच्या मधल्या त्या थांब्याला फलाट नव्हता. दोघे ज्वारीच्या कडेला उभे होते.

गार्डकाका रेल्वेत कधीच नव्हते. ते सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीची हुरड्याची गाडी त्यांनी सुरू केली, म्हणून हे नाव पडले. दुष्काळात हुरडा कुणी पाहिला नव्हता. शिवारात ज्वारी पुन्हा उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "पोरांस्नी हुरडा दावायला न्यायचं की. न्हाईतर त्यांना वाटंल, ज्वारी दुकानात पिकती." सकाळच्या पॅसेंजरने कुर्डुवाडी, तिथून छोट्या गाडीचा राखून घेतलेला एक डबा, आडवाटेला उतरून शेतात दिवसभर आगटीवर भाजलेला हुरडा, दुपारचे जेवण आणि संध्याकाळी परत. साधारण तीस घरे यायची. व्यवस्था बघणारे आम्ही चौघे गिरणीतलेच होतो. दंडाला तांबडी फीत बांधायचो.

ते माणसे मोजत नसत. मोजली की ढोरे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. गाडी सुटण्यापूर्वी ते प्रत्येक घराला हाक मारत आणि त्या घरातल्या एकाने "आलं" म्हणायचे. शेवटी ते स्वतःच विचारत, "गार्डाचं घर?" आणि सगळा डबा ओरडे, "आलं." तोवर खरा गार्ड कौतुकाने थांबलेला असे. मग काका शिट्टी वाजवत.

त्यांचा दुसरा नियम जेवणाचा. आपला डबा आपण खायचा नाही. सगळ्यांचे डबे दोन मोठ्या हाऱ्यांत ठेवले जात, वर धोतर अंथरले जाई. प्रत्येक घरातल्या एकाने धोतराखाली हात घालायचा आणि हाताला लागेल तो डबा काढायचा. आमच्या गल्लीत मराठी घरे होती, विणकरांची तेलुगू घरे होती, दोन घरांत दखनी बोलत. कुणालाच अडचण नको म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी शाकाहारी रांधायचे. काका म्हणत, "आपलंच खायचं तर घरी बसा की. गाडीला कशाला तरास?"

काका कुठल्या वस्तीतून पेठेत राहायला आले होते, हे सगळ्यांना माहीत होते. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

मला ते डावऱ्या म्हणत. गिरणीत लागलो तेव्हा तुटलेल्या सुताची गाठ मला मारता येईना. शिकवणारे सगळे उजव्या हाताचे होते. काका आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसले. "माज्याकडं आरशात बगितल्यागत बग," म्हणाले. त्यांची गाठ समोरून पाहून मी माझी उलटी गाठ शिकलो. आमच्या खात्यात डावखुरा मी एकटाच होतो.

दुसऱ्या वर्षी सात घरांनी आमच्याकडे निरोप पाठवला. येऊ, पण कुणाचा डबा हाती लागतो ते आधी कळले पाहिजे. काकांना सांगू नका. सात घरे गळाली तर गाडीचा डबा राखून मिळाला नसता. आम्ही चौघांनी बसून ठरवले. त्या घरांना ज्यांचे चालत होते, त्यांच्या डब्यांच्या कडीखाली सुताचा तुकडा बांधायचा. धोतराखाली हात घातला की बोटाला लागेल. बांधण्याचे काम माझ्याकडे आले. काकूंचा पितळी डबा चुकूनही त्यांच्या हाती जाऊ नये म्हणून तो आम्ही चौघे सर्वांत आधी काढून घ्यायचो. आम्हाला त्याचे काही वाटत नव्हते. तीळ लावलेल्या भाकरी आणि भरले वांगे आम्ही चवीने खायचो. काका म्हणायचे, "आमचा डबा तुमच्याच नशिबी हाय बगा."

चौथ्या वर्षी त्या सात घरांतल्या एका आजींना मोतीबिंदू झाला होता. हाऱ्याशी वाकणे जमेना. त्या काकांना म्हणाल्या, "गार्डा, तूच काढ रे माझ्यासाठी." काकांनी एक डबा काढून त्यांच्या हातात दिला. आजींनी कडी चाचपली आणि डबा परत दिला.

"हा नको. धाग्याचा काढ."

काकांनी धोतर बाजूला केले. कड्या पाहिल्या. धाग्याचा एक डबा उचलला, कडी डोळ्यांजवळ नेली आणि तो आजींना दिला. मग ते आमच्याकडे आले. आमच्या मधोमध काकूंचा डबा उघडा होता.

"गाट बरी बसलीय, डावऱ्या," ते म्हणाले. मग विचारले, "किती वर्सं?"

मी तीन म्हणालो.

दुपारभर ते आगटीजवळ काकूंशेजारी बसून कणसे चोळत होते. लहान मुलांना हुरडा देत होते. गाडी आली. त्यांनी सगळ्यांना चढवले आणि खाली उभे राहून एकेका घराला हाक मारली. सात घरांनाही मारली. सगळ्यांनी "आलं" म्हटले. गार्डाच्या घराची हाक झाली नाही. ती मी मारली. शिट्टी वाजली.

सोमवारी ते पहिल्या पाळीला वेळेवर होते. त्यानंतर ते मला माझ्या हजेरीपटावरच्या नावानेच हाक मारत. पुढच्या संक्रांतीला गाडी निघाली नाही.

काकूंचा डबा आमच्याबरोबर परत आला होता. तो मी त्याच आठवड्यात नेऊन दिला. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून बायकोने त्यात शेंगापोळ्या घातल्या होत्या. काका कामावर होते. काकूंनी डबा हातात घेतला आणि आधी कडीखालून बोट फिरवले. मग झाकण काढले, पोळ्या एका फडक्यात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. डबा ठेवून घेतला.