फेट्याएवढी जागा

निजामाच्या अमदानीत आमच्या वडिलांनी चकलांब्याच्या गोठ्यात, मासिकातले नकाशे पाहून, हलकं विमान बांधायला घेतलं. हाताशी गावचा सुतार. वडील आत बसले की फेटा वरच्या झाकणाला घासायचा. बैठक खाली घ्यावी तर समोरचं दिसेना, झाकण उचलावं तर वजन वाढे.

सुतार म्हणाला, "मालक, फेटा काढून बसा की."

वडील उखडले. "बाप जिता हाय माझा. बोडकं कामून बसू?"

दोघंही हट्टी. काम महिनाभर अडलं, मला वैताग आला.

मग आजोबा गेले. दहाव्याहून वडील मुंडण केलेल्या डोक्यानं थेट गोठ्यात आले आणि विमानात बसले. सुतारानं झाकण लावलं.

आतून आवाज आला, "आता लागत न्हाई."