मामाचा कान आणि सैल बोल्ट

धक्क्यावर माझ्या मामाला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. बोटीचं इंजिन चालू केलं की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला, डोळे मिटतो आणि नाकातून म्हणतो, “हं. समजलं.” ही नक्कल मला इतकी जमते की आतून मामी ओ देते. डॉक्टरने निदान केलं की दुसऱ्या मिस्त्रीने त्या इंजिनाला हात लावायचा नाही, असा तिथला शिरस्ता.

चार वर्षांपूर्वी लंबूकाका आले. मामाचे शाळेपासूनचे मित्र, आपल्या जुन्या बोटीतून माणसं पलीकडच्या काठाला पोचवायचे.

“म्हातारी आतून दार ठोठावतेय रे. हळू चालवली की टकटक, जोर दिला की गप्प. आमच्या हिच्या अगदी उलट.”

मामाने कान लावला. “हं. समजलं. क्रँक गेला. मधला दांडाच संपला म्हणजे.”

“उघडून बघायचं का एकदा?”

“वाढदिवसाचं खोकं आहे का ते, उघडून बघायला?”

लंबूकाकांनी इंजिन भंगारात घातलं. नव्याला पैसे नव्हते, पाठोपाठ बोटही विकली. आता ते गोदामाच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात.

गेल्या महिन्यात एका कोळणीची बोट आली. तीच टकटक, आणि इंजिन बंद करताना शेवटी एक जड धप्प. मामा म्हणाला, “क्रँक.”

“कान तुमच्यापाशी ठेवा,” ती म्हणाली, “मला डोळ्यांनी दाखवा.”

मामाने फणफणत गिअरबॉक्स उतरवला. मागे फ्लायव्हील, इंजिनाची चाल एकसारखी ठेवणारं जड लोखंडी चाक. पहारीने जरा रेटलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. सहापैकी चार बोल्ट बोटांनी फिरत होते, भोवती गंजाची लाल भुकटी. क्रँक ठणठणीत.

मामाने भोकं तपासली, आटे घासून साफ केले, नवे बोल्ट घेतले. प्रत्येकावर चिकटद्रव्याचा थेंब, मग मापाच्या पान्ह्याने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेला. इंजिन चालू केलं. टकटक नाही. कोळीण खूश झाली. मामा पान्हा पुसत बसला.

मी विचारलं, “लंबूकाकांचा गिअरबॉक्स…”

“नव्हता उतरवला.”

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो गोदामावर गेला. नमनाला घडाभर तेल नाही.

“लंबू, तुझा क्रँक शाबूत असणार. बोल्ट सैल झाले असतील. एका दिवसाचं काम होतं. मी उघडलंच नाही.”

लंबूकाकांनी एका ट्रकचा नंबर पुरता लिहिला.

“असतील, की होते?”

“ते आता कळायचं नाही.”

“मग कशाला सांगितलंस? इतके दिवस वाटायचं, बिचारं आयुष्य संपून मेलं. आता वाटणार, आपणच जिवंत पुरलं.”

“सांगायला हवं होतं.”

“तुला हवं होतं,” लंबूकाका म्हणाले. आवाज चढला नव्हता. “सरक जरा, मागे गाडी आहे.”

मामा सरकला. गाडी आत गेली, फाटक लागलं, तरी तो तिथेच उभा होता. लंबूकाकांनी पुढची ओळ आखायला घेतली.